तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी दवाखान्यात दात खरंच फुकट होतात का?

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची चक्की आहे. दळण होईपर्यंत माणूस पाच-दहा मिनिटं थांबतं, आणि वर्षभरापासून त्यातलं कोणीतरी रोज गाल धरून विचारतं, "वहिनी, सरकारी दवाखान्यात दात फुकट होते म्हणते, खरं हाय का?" पट्ट्याच्या घरघरीवर ओरडून सांगता सांगता माझाच घसा बसायला लागला. म्हणून एकदाचं लिहून काढते.

खरं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरलाही पैसे लागत नाहीत. दातही त्यातच आले. फक्त दवाखाना नीट निवडा. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचा डॉक्टर सहसा नसतो. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं, आणि तिथंही डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आशाताईला विचारून मगच एसटीत बसा. दाढ काढणं, कीड साफ करून भरणं, दातांवरचं कीटण काढणं, एवढं तिथं होतं. रूट कॅनाल काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी नाही. कवळी पाहिजे असेल तर नागपूर.

आणि हो, ते आयुष्मानचं कार्ड घरीच राहू द्या. अर्धे लोक तेच पुढं करतात. पाच लाखांची ती योजना दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांची आहे. जबडा मोडला, तोंडाचा कॅन्सर निघाला, तर ती कामाला येते. दाढ भरायला नाही.

आता माझं सांगते. खालची डावी दाढ दोन वर्षं दुखत होती. लवंग दाबली, तुरटीच्या गुळण्या केल्या, मेडिकलातून एक-एक गोळी आणून दिवस ढकलले. गावातल्या एका खाजगी डॉक्टरनं रूट कॅनाल आणि कॅपचे मिळून सात हजार सांगितले. दिवस पेरणीचे, सात हजारात बियाणं येतं. मी परत आले. मग एका रात्री गाल असा सुजला की डोळा झाकला गेला, तेव्हा कुठं सरकारी आठवलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "सूज उतरल्याशिवाय हात लावता येत नाही," आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेला खुर्चीचा कॉम्प्रेसर बंद. तिसऱ्या खेपेला कॉम्प्रेसर चालू, पण डॉक्टरबाई शिबिराला गेलेल्या. चौथ्या खेपेला दाढ निघाली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण बाईंचा हात हलका होता आणि कॉम्प्रेसर काही त्यांनी बिघडवला नव्हता. पण चार चकरा म्हणजे चार दिवस चक्की बंद. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असलं तरी बुडालेल्या दळणाचं अर्धं कोणी देत नाही. फुकटाचा हिशेब विचारत असाल तर तो असा आहे.

दाढ निघाल्यावर बाईंनी ती ट्रेमध्ये दाखवली. वरून काळी, मधे भोक, मुळं मात्र शेंगदाण्यासारखी पिवळी, धड. "वर्षभर आधी आली असती तर भरून दिली असती," म्हणाल्या. "भरायला पंधरा मिनिटं लागतात."

ते मला लागलं. आपण सगळे सरकारी दवाखान्याला 'दात उपटायची जागा' म्हणतो, पण तिथं जातोही उपटायची वेळ आल्यावरच. दिवाळीनंतर उजव्या दाढेत गार पाणी झिणझिणलं, तशी मी दुखण्याची वाट न पाहता गेले. एका खेपेत भरून झाली. माझ्या मुलीचंही तसंच. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते पोरांचे दातही बघतं. त्यांनी दिलेली चिठ्ठी मी आधी दप्तरातच राहू दिली होती. तुमच्या पोरांची दप्तरं आजच उलटी करा.

काढायचीच असेल तर जेवून जा, उपाशीपोटी चक्कर येते. बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पाकिटासकट दाखवा. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा, त्या दिवशी गुळणी नाही, थुंकणं नाही. थुंकलं की आतली रक्ताची गाठ सुटते आणि रक्त पुन्हा लागतं. आमच्याकडं थुंकू नका म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं आहे, ते मला माहीत आहे.

कवळीचं आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातच आहे, १९६८ पासूनचं. गणेशपेठ स्टँडवर उतरून ऑटोनं मेडिकल चौक. हे वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणून इथं सगळंच फुकट नाही, थोडी फी भरावी लागते. पण खाजगीत सांगितलेल्या आकड्यापुढं ती काहीच नाही. वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे, ते खाजगी.

इथं काम शिकणारी पोरं करतात, मागं सर उभे असतात. म्हणून वेळ लागतो. आत्यांच्या कवळीला पाच खेपा लागल्या: आधी साधं माप, मग बारीक माप, मग मेणाच्या पट्ट्या चाववून जबड्याची उंची, मग मेणात बसवलेले दात घालून बघणं, शेवटी कवळी. आणि या पाचही खेपा कापूस वेचणीत. मेणातले दात घालून झाल्यावर कोल्हापूरकडचा एक पोरगा म्हणाला, "आजी, साठपासून सत्तरपर्यंत मोजा." उच्चार फसफसतात का ते बघायचं होतं. आत्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मले वीसाच्या वर येत नाही बापा. तीन इसा म्हणते, चालते का?" आणि मोजायला लागल्या, तीन इसा, तीन इसा अन् एक, तीन इसा अन् दोन. पोराला आधी कळेना. सर मागून म्हणाले, "अरे, तीन वीसा साठ, बरोबरच मोजताहेत. 'स' ऐक." 'स' स्वच्छ होता.

आता कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात असते. लग्नाला घालतात. भाकर मात्र अजूनही वरणात कुस्करूनच.

त्या खेपांना सोबतीला आमचे हे होते. खर्रा यांचा बारा वर्षांचा. गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे, पण टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून मिळायचा तो मिळतोच. आत्यांचा नंबर लागेपर्यंत एका डॉक्टरनं यांना सहज म्हटलं, "काका, तुमचीच तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा." दोन गेली. तिसरं जाईना. सुपारीनं गाल आतून ताठ होतात आणि तोंड हळूहळू मिटत जातं. त्यातून पुढं कॅन्सरही होऊ शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवायला बोलावलं आहे. येताना एसटीत हे अख्खा रस्ता गप्प होते. चक्कीवर आता हेच आल्या-गेल्याला बोटं घालायला लावतात. परवा मात्र शर्ट धुताना खिशात पन्नी निघाली. रिकामी होती. विचारलं तर म्हणाले, जुनी आहे.

बुधवारी मला वरची एक दाढ दाखवायची आहे, दुखत नाही अजून. सकाळच्या पहिल्या एसटीनं जाणार. कोणाला यायचं असेल तर मंगळवारी दळण घेऊन जा, बुधवारी चक्की बंद.