एकच स्टेशन दोन ओळींत: सिग्नल ब्राउझर लावताना आलेला अनुभव

फ्लडिजी या हौशी रेडिओच्या सॉफ्टवेअरमधला सिग्नल ब्राउझर आता माझ्याकडे नीट चालतो. पण त्याआधीचे तीन आठवडे वाया गेले, आणि ते एका टिकच्या खुणेपायी गेले जी संगणकाच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आपोआप लागलेली होती. कुणी मला पहिल्याच दिवशी ती खूण बघायला सांगितलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

ब्राउझर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पीएसके ३१ ही टाइप केलेला मजकूर रेडिओवरून पाठवायची पद्धत, आणि तिचा सिग्नल अगदी अरुंद असतो. ब्रिटिश हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, पीटर मार्टिनेझ (कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, जी३पीएलएक्स) यांनी १९९८ मध्ये ती रूढ केली, वेग ३१.२५ बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढी चिन्हं. रिगच्या (रेडिओ संचाच्या) एसएसबी, म्हणजे एकाच साइडबँडच्या, फिल्टरमधून साधारण ३०० ते २७०० हर्ट्झचा आवाज येतो, आणि तेवढ्यात अशी वीसेक संभाषणं शेजारी शेजारी मावतात. ब्राउझर ही पट्टी १०० हर्ट्झच्या कप्प्यांत वाटतो आणि प्रत्येक कप्प्यातला मजकूर वेगळ्या ओळीत दाखवतो. संध्याकाळी १४.०७० मेगाहर्ट्झवर युरोप ऐकू येऊ लागला की कोण सीक्यू (कुणीही बोला अशी हाक) देतंय आणि कोण निरोप घेतंय, हे सगळं एका नजरेत दिसतं. मला हे हवंच होतं. एकेका सिग्नलवर क्लिक करत बसलं की तोवर समोरचा निघून गेलेला असतो.

परवाना, अँटेना, रिगपासून संगणकापर्यंतची केबल यांत काही अडलं नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मी कप्प्यांची संख्या वाढवली, ओळींना फ्रिक्वेन्सीचं लेबल लावलं आणि खालचा सरकता स्क्वेल्च (नुसता गोंगाट दाबणारी पातळी) मध्यावर ठेवला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: हा स्क्वेल्च मुख्य खिडकीतल्या स्क्वेल्चपेक्षा वेगळा आहे. मुख्य स्क्वेल्च कितीही फिरवला तरी ब्राउझरमधली कचरा अक्षरं थांबत नाहीत. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

स्क्वेल्च जमला, कचरा गेला, आणि खरा त्रास सुरू झाला. एक इटालियन स्टेशन दोन ओळींत दिसू लागलं. कॉलसाइन तेच, मजकूर तोच, अक्षरंही एकाच वेळी उमटत होती. वरच्या ओळीत कॉलसाइनचं एखादं अक्षर चुकायचं, एवढाच फरक. मला वाटलं, समोरच्याचाच सिग्नल पसरलाय. तसं त्याला कळवायला निघालो होतो, पण हात आवरला. कारण थोड्या वेळाने दुसरं एक जोरदार स्टेशन आलं आणि तेही दोन ओळींत. मग तिसरंही. तिघांचेही सिग्नल पसरलेले असतील हे पटेना.

फ्लडिजी काढून पुन्हा टाकलं. कप्पे कमी केले, वाढवले. केबल बदलली, तिच्यावर उपद्रवी रेडिओलहरी अडवणारे फेराइट चढवले. दुकानदाराने यूएसबी साउंड कार्ड बदलायला सांगितलं, तेही बदललं. नवं कार्डही तसंच. आठवडाभर रोज रात्री जेवण झालं की मी त्याच दोन ओळींसमोर बसायचो. अशक्त स्टेशनं मात्र एकाच ओळीत, अगदी व्यवस्थित दिसायची. खरं तर उत्तर तिथेच होतं, पण तेव्हा मला ते दिसलं नाही.

शेवटी आमच्या भागातल्या एका जुन्या हॅमना व्हीएचएफ रेडिओवर विचारलं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सरांनी एकच प्रश्न केला, “फ्लडिजीत एएफसी नावाच्या बटणाशेजारी छोटा हिऱ्यासारखा दिवा आहे, त्याचा रंग कुठला?”

“लाल आहे, सर.”

“मग तुमचा आवाज कार्डात कापला जातोय. हिरवा हवा. आता जोरदार स्टेशन आलं की रिग १०० हर्ट्झने वर न्या आणि दोन्ही ओळी किती सरकतात ते मला सांगा.”

आधी दोन्ही ओळींवर क्लिक करून आकडे घेतले: ६१२ आणि १८३६. मग रिग १०० हर्ट्झने वर नेली. अप्पर साइडबँडवर रिग वर गेली की आवाज खाली येतो. पहिला सिग्नल ५१२ वर आला, म्हणजे बरोबर १०० ने. दुसरा १५३६ वर, म्हणजे ३०० ने खाली! खरं स्टेशन असतं तर तेही १००नेच सरकलं असतं. हा पहिल्याच्या तिप्पट होता, आणि तो हवेत नव्हताच, माझ्या साउंड कार्डात तयार होत होता. कार्डाला पेलणार नाही इतका आवाज आला की लाटेचे दोन्ही शेंडे सारखे कापले जातात, म्हणून हे फक्त जोरदार स्टेशनांचं व्हायचं; आणि शेंडे कापले गेले की तिप्पट फ्रिक्वेन्सीवर तिची सावली पडते. दुपटीवर काही पडलं तरी वाचता येत नाही, कारण पीएसकेमध्ये मजकूर कळवायला लाटेची फेज (तिची चढउताराची स्थिती) १८० अंशांनी उलटते. त्याची दुप्पट ३६० होते आणि उलटल्याचा मागमूस पुसला जातो. तिपटीवर ५४० होतात, म्हणजे पुन्हा १८० च. म्हणून सावलीतही तोच मजकूर वाचता येतो. सरांनी हे समजावलं तेव्हा मी वहीत गणित दोनदा मांडून पाहिलं आणि मनापासून आनंद झाला.

आता ती खूण. यूएसबी कार्ड लावलं की माझा संगणक त्याला मायक्रोफोन समजतो आणि २० डेसिबलचा ‘बूस्ट’ लावून ठेवतो, म्हणजे व्होल्टेज दहापट. त्याच्याच खाली आवाज ‘सुधारणारी’ दुसरी खूण असते, तीही काढा. माझ्या संगणकात या दोन्ही तीन खिडक्या उघडल्यावर सापडतात. रेडिओचा आवाज कुणी सुधारून मागितला होता का? बूस्ट शून्यावर आणला, इनपुटची पातळी कमी केली, तशी हिऱ्याने हिरवा रंग धरला आणि वरच्या ओळी क्षणात रिकाम्या झाल्या. तेवढ्याने भागलं नाही तर रिग आणि कार्डाच्या मध्ये १० किलोओहम आणि १ किलोओहमच्या रोधांचा साधा विभाजक (व्होल्टेज कमी करणारी जोडणी) घाला.

ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट आल्यावर माझ्याकडे बूस्ट परत आला होता. अपडेट झालं की आधी हिरा बघा.

प्रसारणालाही हेच लागू आहे, आणि तिथे त्रास दुसऱ्यांना होतो. रिगवरचा एएलसीचा (आवाज जास्त झाला हे दाखवणारा) काटा हलणार नाही इतकाच आवाज रिगला द्या.

आधी सांगायचं राहिलं: जुना मजकूर किती वेळाने पुसायचा तो अवधी वाढवून ठेवा. समोरचा विचार करायला थांबला की माझी ओळ कोरी व्हायची. शोधाच्या चौकटीत सीक्यूसोबत स्वतःचं कॉलसाइनही टाका, ओळ रंगते आणि कुणी बोलावलं तर चुकत नाही. टाइप इंग्रजीच्या लहान लिपीत करा. पीएसकेच्या व्हॅरिकोडमध्ये (अक्षरांच्या संकेतांत) मोठ्या अक्षरांना जास्त बिट लागतात.

परवा रात्री सात ओळी भरल्या होत्या, सातही वेगळ्या. तिसऱ्या ओळीत माझं कॉलसाइन रंगलं.