एकात एक गुंफलेली अक्षरे

लग्नसराईत बेळगावच्या मंगल कार्यालयांत हल्ली व्यासपीठामागे वधूवरांची आद्याक्षरे फुलांनी सजवलेली असतात आणि पत्रिकेवरही तीच सोनेरी शाईत छापलेली दिसतात. त्याला सर्रास मोनोग्राम म्हटले जाते. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर शिवलेल्या चिन्हालाही आपण मोनोग्रामच म्हणतो, मग त्यात दिवा आणि ब्रीदवाक्य एवढेच असले तरी. रुळलेल्या वापराबद्दल माझी तक्रार नाही. मात्र मूळ अर्थ विस्मरणात गेला तर त्यामागची सुंदर कारागिरीही जाईल, असे मला मनापासून वाटते.

ग्रीक भाषेत ‘मोनोस’ म्हणजे एकच आणि ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेले अक्षर. दोन किंवा अधिक अक्षरे एकमेकांत अशी बसवायची, की त्यांच्या काही रेघा सामाईक होतील आणि पाहणाऱ्याला एकच आकृती दिसेल, हा मोनोग्राम. टिंबे देऊन शेजारी शेजारी मांडलेली आद्याक्षरे ही केवळ आद्याक्षरेच असतात.

प्राचीन ग्रीक नाण्यांवर या कलेचे जुने नमुने सापडतात. नाण्यावर जागा थोडी, म्हणून अकीयन संघाने, म्हणजे काही ग्रीक नगरराज्यांच्या संघाने, आपल्या नावातील अल्फा आणि खी ही अक्षरे एकावर एक बसवली. पुढे ख्रिस्ताच्या ग्रीक नावातील खी आणि ऱ्हो या पहिल्या दोन अक्षरांचे चिन्ह चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी सर्वदूर पोहोचले. मला सर्वाधिक आवडतो तो फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याचा मोनोग्राम. ‘कारोलुस’ या त्याच्या लॅटिन नावातील चार व्यंजने क्रुसाच्या चार टोकांना आणि स्वर मधल्या चौकटीत, अशी त्याची रचना आहे. बाकीची आकृती लेखनिकाने काढायची आणि मधली एक छोटी रेघ राजाने स्वतः ओढायची, म्हणजे दस्तऐवज पक्का झाला, असे अभ्यासक मानतात. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटत असे. तेथेही चिन्हच हुकमाची ग्वाही देत होते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) तर उंच ‘ए’च्या दोन पायांमध्ये छोटासा ‘डी’ बसवून आपल्या चित्रांवर मालकीची खूण करीत असे.

हे सारे देवनागरीत करू गेल्यास एक अडचण येते. लॅटिन अक्षरे कशीही गुंफली तरी ए हा ए आणि डी हा डीच राहतो. आपल्याकडे मात्र ‘स’चा दंड, म्हणजे उभी रेघ, काढून उरलेला भाग ‘म’ला जोडला, की ‘स्म’ तयार होतो आणि वाचणारा दोन नावे न वाचता एकच जोडाक्षर वाचतो. कन्नडमध्येही दुसरे व्यंजन ओत्तक्षर होऊन पहिल्याच्या खाली गेले, की मधला अकार लोपतो. सीमाभागात दोन्ही लिप्या रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे हे साम्य आपल्याला चटकन उमगते. अक्षरे जोडणे हा आपल्या लिप्यांचा नित्याचा व्यवहार असल्याने येथील मोनोग्रामला जोडाक्षर होण्यापासून वाचवावे लागते, आणि खरी कलाकुसर तेथेच आहे.

त्यासाठी दोन्ही अक्षरे पूर्ण ठेवून शिरोरेषा तेवढी सामाईक करता येते. ‘क’चा दंड मध्यभागी असल्याने त्याच्यामागे दुसरे अक्षर आडवे ओवता येते, तर ‘ट’, ‘ठ’, ‘द’ यांना पूर्ण दंड नसल्याने त्यांच्या पोटातल्या पोकळीत लहान अक्षर बसवता येते. मात्र एकाखाली एक ठेवताना ती चिकटू देऊ नयेत, नाहीतर ‘ट्ट’सारखे रूप होते.

खडेबाजारात पत्रिका छापायला देणाऱ्यांना आणि खिशावर भरतकाम करून घेणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की संगणकावरच्या मोठ्या नमुन्यावर समाधान मानू नका. आकृती प्रत्यक्ष आकारात, कागदावर, एकाच रंगात काढून पाहा. धाग्याला जाडी असते, त्यामुळे गाठीजवळची बारीक पोकळी भरतकामात बुजते आणि ‘ब’ व ‘व’ यांतील फरक दिसेनासा होतो. नमुना घरातील कोणाला काही न सांगता दाखवावा, आणि त्याने दोन्ही अक्षरे वेगवेगळी ओळखली, तरच छपाईला होकार द्यावा.