फायबरच्या होडीला मेण लावण्याआधी

आमची होडी फायबरची. मालवण बंदरातून पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेते-आणते. 26 मे ते 31 ऑगस्ट ही वाहतूक पावसाळ्यामुळे बंद असते. तेवढ्या काळात होडी वर ओढून तिची निगा राखायची. यंदा घासण्यापासून मेणापर्यंतचं सगळं काम मी अंगावर घेतलं.

ओंडक्यांवरून होडी वर आली त्याच दुपारी काकांनी सांगितलं, "आजच खरवड रे, उद्या सुकली काय सिमेंट जातली." पाणरेषेखाली शेवाळाचा थर होता आणि त्यात बार्नकल रुतलेले. खडकावर पाय कापतात, तेच ते पांढरे टोकदार शंख. ओले असताना प्लास्टिकची पट्टी तिरकी धरून रेटली की कटकन सुटतात. लोखंडी पत्र्याने काम झपाझप होतं खरं, पण फायबरवरचा जेलकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. एक खोल ओरखडा गेला तरी पाण्याला आतल्या थरात शिरायला वाट मिळते. म्हणून पत्र्याला मी हातच लावला नाही.

शंख निघाला तरी त्याच्या बुडाची चकती चिकटून राहते. ती चुन्याची असल्यामुळे सौम्य ॲसिड लावलं की फसफसते आणि सैल होते. हे करताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि लगोलग भरपूर गोडं पाणी मारायचं. पाणरेषेवरचा पिवळट-तपकिरी पट्टा मात्र साबणाला दाद देईना. तो ऑक्झॅलिक ॲसिडने उतरला, जोर लावून घासावंही लागलं नाही.

खरी मेहनत होती वरच्या भागावर. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची. उन्हाने जेलकोटचा वरचा पापुद्रा मरतो, त्याची ही भुकटी. पुष्कळ जण होडी धुतात आणि थेट मेण फासतात. ते मेण मेलेल्या थरावर बसतं आणि त्याच्यासोबतच निघून जातं. मला विचाराल तर पैसे मेणावर कमी आणि वेळ कंपाउंडवर, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टवर, जास्त घालवावा. मी वीतभर जागेवर आधी सगळ्यात बारीक कंपाउंड मारून पाहिलं. चमक येईना, तेव्हा एक पायरी जाड घेतलं आणि नंतर पुन्हा बारीकवर आलो. बफिंग मशीन हळू फिरवायचं आणि एका जागी थांबू द्यायचं नाही, नाहीतर जेलकोट तापून जळतो. कडा-कोपऱ्यांवर थर आणखी पातळ, तिथे हातानेच घासलं. नोंदणी क्रमांकावर टेप लावून घेतली होती. नाळेजवळचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, पहिला पट्टा पुसला तेव्हा त्यात माडाच्या झावळ्या एकेक पात मोजता येईल इतक्या स्वच्छ दिसल्या. त्या दिवशी जेवायला जायचं भानच राहिलं नाही.

मेणाला कोरडी हवा लागते. आषाढात ते नीट सुकत नाही, पुसताना फराटे उठतात. म्हणून होडी ताडपत्रीखाली ठेवली आणि श्रावणातली उघडीप गाठली. कार्नोबाचं घट्ट मेण घेतलं होतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात, आणि आम्ही ते कोकणातल्या माडाच्या सावलीत लावत होतो, याची मला फार मौज वाटली. हातभर जागा घ्यायची, पातळ लावायचं, धुरकट झालं की मऊ कापडाने पुसायचं. सगळी होडी एकदम माखली तर मेण कडक होतं आणि पुसता पुसता खांदे भरून येतात. दोन हात दिले.

शेजारच्या होडीवाल्या दादांनी विचारलं, "खाली पण लावतलंस मां?" खाली नाही. आमची होडी हंगामभर पाण्यातच नांगरलेली असते. पाण्याखाली मेण टिकत नाही, शंखही रोखत नाही. तिथे शेवाळ-शंख धरू न देणारा अँटीफाउलिंग रंगच हवा, आणि मेणाचा हात लागलेल्या जागी तो रंग धरत नाही. म्हणून पाणरेषेवर टेप मारूनच मी मेणाचा डबा उघडला होता. खालचा भाग कोरडा घासून ठेवलाय. रंगाचे दोन हात झाले की होडी पाण्यात.