फट जमिनीला टेकेपर्यंत

डिसेंबरातल्या एका सकाळी मी राणी नावाच्या घोडीच्या पुढच्या उजव्या टापेत एक खिळा चुकीचा ठोकला. त्यानंतर सात महिने माझ्या उस्तादांनी, चाचांनी, मला खिळ्यांच्या डब्याला हात लावू दिला नाही. नालबंदी, म्हणजे घोड्यांना नाल ठोकायचं काम, मी शिकलो ती या सात महिन्यांत. आधीच्या चार महिन्यांत मी फक्त हातोडा चालवत होतो.

मी मूळचा फिटर. आयटीआय करून वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काढली. ते बंद पडलं तेव्हा हातात कला होती आणि काम नव्हतं. घर घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत एक तबेला आहे. नऊ जनावरं, सगळी लग्नाच्या वरातीची. त्याच्या फाटकाचं वेल्डिंग करायला म्हणून गेलो, तर आत एक म्हातारा माणूस, हेच चाचा, घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन वाकलेला. आजूबाजूला डीजेच्या गाड्या धुणं चाललं होतं, पोरं ओरडत होती, आणि तो घोडा डोळे अर्धे मिटून उभा. फाटकाचं काम संपलं तरी मी तिथून हललो नाही.

आमच्या रस्त्याचं नाव घोड्यांवरूनच पडलं, अरबी घोडे इथल्या बंदरात उतरायचे, असं सांगतात. ज्या रस्त्याचं नावच घोडबंदर, तिथे घोड्याला नाल ठोकणारा माणूस शोधायला दिवस दिवस फोन फिरवावे लागतात, हे मला चाचांबरोबर फिरायला लागल्यावर कळलं. ठाण्यातून त्यांना कल्याण, भिवंडी, पनवेल, खारघरपर्यंत बोलावणी येतात.

चाचा सातारा जिल्ह्यातले. त्यांचे वडील साखर कारखान्याच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या बैलांना पत्री मारायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात, आणि बैलाला दोरांनी पाडून, पाय बांधूनच काम करावं लागतं. "घोडा उभ्यानं पाय देतो. त्यानं दिला तर तुमचं काम, नाही दिला तर नाही," चाचा म्हणायचे. त्यांची मराठी ऐकत राहावी अशी, सातारी ठसक्याची. मला ते "बाळा" म्हणतात, मी त्यांना "चाचा, तुम्ही". पहिल्या दिवसापासून तेच चालत आलंय.

तर ती सकाळ. राणी ही पांढरी घोडी, तबेल्यातली सगळ्यात शांत. माझा हात हातोड्यावर बसलेला बघून चाचांनी तिसऱ्या महिन्यातच मला खिळे मारायला दिले होते. नालाचा खिळा साधा नसतो. त्याच्या टोकाला एका बाजूने उतार असतो आणि डोक्यावर त्याच बाजूला खूण असते. खूण आतल्या बाजूला ठेवून ठोकला की टोक आपोआप बाहेरच्या दिशेला वळतं आणि टापेच्या भिंतीतून वर निघतं. टापेची ती बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला संवेदना नाही. तिच्या आत, तळव्याकडून बघितलं तर, एक पांढरट रेषा दिसते. खिळा त्या रेषेच्या बाहेर राहिला पाहिजे. आत गेला की मांस.

त्या दिवशी तीन वराती होत्या आणि तबेल्याचे मालक, शेठ, मागे उभे होते. बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा मारताना आवाज बदलला. चांगल्या भिंतीत खिळा शिरतो तेव्हा प्रत्येक ठोक्याला आवाज चढत जातो, टणक होतो. हा मधेच बोथट झाला, ओल्या लाकडात ठोकल्यासारखा. राणीने पाय किंचित ओढला. मला वाटलं माशी बसली असेल. टोक बरोबर जागी बाहेर आलं होतं, म्हणून मी ते मोडून मुरड घातली आणि पुढचा खिळा घेतला.

तिसऱ्या दिवशी राणी लंगडायला लागली. चाचांनी टापेवर हात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. टाप गरम. त्यांनी माझी दोन बोटं टाचेच्या वर, सांध्याच्या मागच्या बाजूला दाबली. तिथे नाडी धडधडत होती, डाव्या पायात ती शोधूनही सापडेना. त्यांनी खिळे एकेक करून काढले आणि प्रत्येक खिळा वासासाठी नाकाशी नेला. तिसरा माझ्या तळहातावर ठेवला. तो काळा आणि ओला होता. तो वास मी विसरलेलो नाही.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर येतात तबेल्यात. त्यांनी भोक मोकळं केलं, आयोडीनने धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला तर बहुतेक वेळा जनावर हाती लागत नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. मी रात्रभर जागा होतो. पुढे दिवसातून दोनदा बादलीत कोमट मिठाचं पाणी घेऊन राणीचा पाय त्यात धरून बसायचं काम माझं. पाचव्या दिवशी पू वरून फुटला, टाप जिथे सुरू होते त्या केसांच्या कडेला, बाहेरच्या बाजूने. खाली वाट पुरेशी मिळाली नाही की तो भिंतीच्या आतून वर चढतो. फुटल्यावर तासाभरात राणीने त्या पायावर भार टाकला.

शेठच्या चार वराती बुडाल्या. ते मला जे बोलले ते बरोबरच होतं. त्यांचे पैसे मी हप्त्याने फेडले. चाचा काही बोलले नाहीत. ती जखम भरली तेव्हा केसांच्या कडेला बोटभर रुंदीची आडवी फट राहिली. चाचांनी त्या फटीवर बोट ठेवलं. "ही खाली सरकत येईल. जमिनीला टेकेल तेव्हा खिळ्याला हात लावायचा. तोवर नाही."

टाप महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणजे मला किती थांबायचंय, ते मी त्याच संध्याकाळी व्हर्निअरने मोजून काढलं. फिटरची सवय. सुमारे सात महिने.

पहिले दोन महिने चाचांनी मला फक्त बघायला लावलं. काम सुरू करण्याआधी घोडा सपाट जागेवर समोरून येताना बघायचा, मग जाताना, मग बाजूने. कोणती टाप आधी बाहेरच्या कडेवर टेकते, मान कधी खाली जाते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. मी चार महिने हे न बघताच थेट पाय उचलत होतो. जुना नाल काढल्यावर तोही टाकून द्यायचा नाही. तो कुठे झिजलाय ते बघायचं. चाचा नुसता झिजलेला नाल हातात घेऊन तो कोणत्या पायाचा आणि घोडा कसा चालतो ते सांगतात. पुढची टाप गोल, मागची निमुळती, एवढं तर मीही ओळखायला लागलो.

खारघरला एका खासगी तबेल्यात नवीन आणलेला तपकिरी घोडा होता. चाचांनी त्याच्या टापेवर एक उंचवट्याचं वळं दाखवलं, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, चारही पायांना सारखंच. "तीन-चार महिन्यांमागं ह्याला जोराचा ताप आलेला." मालकाने आधीच्या मालकाला फोन लावला. दिवाळीच्या सुमारास खरंच आला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक टाप वरून खाली वाचतो.

मग टाप तासणं. वाकड्या पात्याच्या सुरीने तळव्याचा मेलेला भाग काढायचा, पकडीने कड कापायची, कानसाने सपाट करायची. इथे माझी फिटरची अक्कल आडवी आली. मला सगळ्या टापा एकाच कोनात, एकाच उंचीत हव्या होत्या. चाचांनी व्हर्निअर माझ्या खिशातून काढून शेजारच्या खिळ्याला अडकवलं. "ह्याच्या खांद्यापास्नं खाली बघ. ह्याचा पाय जसा आलाय तशी टाप." तळव्याच्या मधोमध जी त्रिकोणी, रबरासारखी गादी असते तिला ते पुतळी म्हणतात. ती कधी छाटून बारीक करायची नाही. घोडा पाय टेकतो तेव्हा टाचेचा भाग किंचित फाकतो, पुतळीवर दाब येतो, आणि त्यानेच पायातलं रक्त वर ढकलायला मदत होते. टाचेजवळ खिळे मारत नाहीत ते यासाठीच. तिथे खिळा ठोकला की टाप फाकायची बंद.

एप्रिलपासून भट्टी. भाता जाऊन आता छोटा ब्लोअर आलाय, ऐरण मात्र चाचांच्या वडिलांची. पट्टी केशरी होईपर्यंत तापवायची, ऐरणीच्या शिंगावर वाकवायची, एक बाजू झाली की दुसरी. बाजारात तयार नाल मिळतात, बरेचसे घोडे त्यावरच चालतात, पण तयार नालही टापेला लावून, पुन्हा ऐरणीवर नेऊन बसवावाच लागतो. नाल टापेच्या मापाचा करायचा. टाप कानसून नालाच्या मापाची करणारे आहेत, वेळ वाचतो त्यांचा, आणि वर्षभरात त्या घोड्याची भिंत पातळ होऊन खिळे धरायचे बंद होतात. या एका गोष्टीवर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

पेशव्यांच्या काळात शिलेदाराला मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळायची तिला नालबंदी म्हणत. आज आमच्या कामाला नाव तेच आहे, पण माझ्या आयटीआयमध्ये या कामाचा ट्रेड नव्हता. लष्कराच्या मेरठच्या केंद्रात नालबंद तयार होतात. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणीशिवाय कोणाला घोड्याला नाल ठोकता येत नाही, आणि नोंदणीआधी काही वर्षांची उमेदवारी करावी लागते. मी चार महिन्यांत जिवंत जनावराच्या पायात खिळा मारत होतो आणि मला कोणी अडवलं नव्हतं. अडवलं ते चाचांनी, तेही राणी लंगडल्यावर.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत राणी होती, पाठीवर मावळ्याच्या वेशातला एक शाळकरी मुलगा. मी तलावपाळीच्या कडेला गर्दीत उभा राहून तिचे पाय बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, वर बघा, लेझीम किती सुंदर चाललंय." मला फक्त तो उजवा पाय दिसत होता. मान एकदाही उचलली नाही तिने. फट तेव्हा टापेच्या जवळपास निम्म्यावर आली होती.

दर पाच-सहा आठवड्यांनी राणीचे नाल बदलायची वेळ यायची. चाचा खिळे मारायचे, मी पाय धरायचो आणि फट बघायचो. जूनमध्ये लग्नं थांबली. बहुतेक घोड्यांचे नाल काढले, पावसाळ्यात टापा मोकळ्या राहिलेल्या बऱ्या. पण ठाण्याचा पाऊस म्हणजे टापेचा वैरी. ओल्या जमिनीत टाप मऊ पडते, पुतळी कुजायला लागते, काळं, चिकट, वास मारणारं पाणी येतं. रोज संध्याकाळी नऊ जनावरांचे छत्तीस पाय उचलून, खरवडून, कोरडे करायचं काम मी करत होतो. तबेल्यातल्या पोराला मी शिकवलं ते हेच, सगळ्यात आधी.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फट खालच्या कडेला आली. राणीला एका मंडळाच्या मिरवणुकीचं बोलावणं होतं, म्हणून पुढचे दोन नाल ठोकायचे होते. चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते. मी पकडीने कड कापली. फट असलेला तुकडा सुटून फरशीवर पडला, नखाच्या चंद्रकोरीसारखा. मी उचलून चाचांना दाखवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन दोन्ही बाजूंनी बघितला आणि पायानेच खिळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी आधी राणीला फाटकापर्यंत चालवून आणलं. मग पाय गुडघ्यांमध्ये घेतला, नाल लावला, खूण आत ठेवून पहिला खिळा धरला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे मला कान टापेशी न्यावा लागला. पहिला ठोका हलका. दुसरा. तिसऱ्याला आवाज चढला, चौथ्याला आणखी चढला, आणि टोक भिंतीतून बाहेर आलं, नालापासून दोन सेंटिमीटर वर. राणी गवत चावत होती.

"पुढचा," चाचा म्हणाले.