आमची वाटचाल : अपाचे २.२ ते २.४

सांगली परिसरातील शाळा, पतसंस्था आणि लहान कारखानदार यांची संकेतस्थळे सांभाळणे हा आमच्या फर्मचा मूळ व्यवसाय. प्रारंभापासून आमच्या सर्व्हरवर अपाचे २.२ होते; अपाचे म्हणजे संकेतस्थळाची पाने वाचकापर्यंत पोचवणारे सॉफ्टवेअर. २.४ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये आली, परंतु चालू गाड्याला खीळ नको या विचाराने आम्ही तिच्याकडे लगेच वळलो नाही. पुढे सेंटॉस ७ या लिनक्स प्रणालीवर नवा सर्व्हर उभारताना त्यासोबत २.४.६ च मिळाले आणि प्रश्न आपोआप सुटला.

आम्हाला सर्वाधिक लाभ झाला तो एकाच वेळी येणाऱ्या जोडण्या हाताळण्याच्या ‘इव्हेंट’ या कार्यपद्धतीचा, २.२ मध्ये ती प्रायोगिक होती, २.४ मध्ये पक्की झाली. जुन्या ‘प्रीफोर्क’ पद्धतीत प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रोसेस (चालू प्रोग्रॅमची एक प्रत) अडकून पडते, आणि पाने तयार करणारी पीएचपी ही भाषा चालवणारे सॉफ्टवेअर तिच्यातच सामावलेले असल्याने साधे छायाचित्र पाठवणारी प्रोसेसही पीएचपीची मेमरी अडवून बसते. महाविद्यालयाची प्रवेशयादी लागली की असंख्य मोबाइलवर एकाच वेळी ते पान उघडले जाई, पान मिळाल्यानंतरही कीप-अलाइव्हमुळे (पुढच्या विनंतीसाठी जोडणी उघडी ठेवण्याच्या सोयीमुळे) जोडण्या काही सेकंद तशाच धरून ठेवल्या जात, आणि सर्व्हरला फारसे काम नसतानाही नव्या पाहुण्याला दार उघडायला कोणी मोकळे नसे. इव्हेंटमध्ये अशी निष्क्रिय जोडणी लिसनर थ्रेडकडे (प्रोसेसमधील, जोडण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या धाग्याकडे) सोपवली जाते आणि काम करणारा थ्रेड पुढच्या विनंतीकडे वळतो.

त्यासाठी पीएचपीला मात्र अपाचेबाहेर काढावे लागले. पीएचपी-एफपीएम ही पीएचपी चालवणारी सेवा स्वतंत्र चालवून मॉड-प्रॉक्सी-एफसीजीआय या अपाचेच्या नव्या मॉड्यूलद्वारे (जोडभागाद्वारे) ती जोडली, तेव्हा प्रत्येक ग्राहकाचे पीएचपी त्याच्या स्वतःच्या युजरखाली चालवता येऊ लागले. पतसंस्थांच्या दृष्टीने हा लाभ वेगापेक्षाही मोठा, असे माझे मत आहे. अर्थात एचटीअॅक्सेस या संकेतस्थळाच्या फोल्डरमधील फायलींमध्ये लिहिलेल्या पीएचपीच्या सेटिंग्ज या रचनेत चालत नाहीत. त्या एकेका संकेतस्थळासाठी हलवाव्या लागल्या, आणि हे काम कंटाळवाणेच होते.

कोणाला कोणते पान उघडता येईल हे ठरवणारे प्रवेश-नियंत्रणाचे नियमही बदलले. ‘ऑर्डर’, ‘अलाऊ’ आणि ‘डिनाय’ यांच्या जागी ‘रिक्वायर’ आले. सुसंगततेच्या मॉड्यूलमुळे जुने नियम चालू ठेवता येतात, परंतु जुने-नवे मिसळले की कोणता नियम लागू होईल याचा भरवसा राहत नाही. म्हणून आम्ही सगळेच नियम नव्याने लिहिले. लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची, पातळी आता मॉड्यूलनिहाय ठरवता येते, त्यामुळे एका रीराइट (पानाचा पत्ता बदलणाऱ्या) नियमाचा माग काढण्यासाठी सगळ्या सर्व्हरचा लॉग फुगवावा लागत नाही.

२.४ च्या शाखेतच पुढे भर पडत गेली. २०१५ मध्ये २.४.१७ सोबत एचटीटीपी/२ (ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांची नवी आवृत्ती) आले आणि इव्हेंटवर आधीच गेलो असल्याचा तेव्हा फायदा झाला, कारण २.४.२७ पासून ते प्रीफोर्कवर चालतच नाही. त्यानंतर आलेले मॉड-एमडी हे मॉड्यूल तर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेकडून संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र मिळवून त्याचे नूतनीकरणही स्वतःच करते. नव्वद दिवसांचे प्रमाणपत्र हाताने सांभाळणे लहान फर्मला परवडणारे नव्हते. नवे प्रमाणपत्र वापरात येण्यासाठी सर्व्हर रीलोड करावा लागतो. ते काम आम्ही रात्रीच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कामे करणाऱ्या सोयीवर) सोपवले आहे आणि ग्राहकांच्या वार्षिक बिलातून प्रमाणपत्राचे शुल्क काढून टाकले आहे.