तुम्ही विचारलंत म्हणून: संस्कृत घेऊ का हिंदी?

साताऱ्यात पोवई नाक्यावर भाजी घेताना विचारतात, राजवाड्यावर भेळेच्या गाड्यापाशी विचारतात. एकदा तर मला सलाईन लावलेली असताना शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, नात आठवीत गेली वो. संस्कृत घ्यावं का हिंदी? पुढं अकरावी-बारावीला कशाचा उपयोग हुईल?"

मी शिक्षिका नाही. साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलावर बसते, बावीस वर्षं झाली. पोरं काय शिकतात ते मला कमी कळतं, काय सोडून येतात ते जास्त कळतं. तेवढ्या अधिकारावर उत्तर देते.

संस्कृत घेतलंत काय, हिंदी घेतलंत काय, सायन्सला जाणाऱ्या पोराचं बारावीत काही अडत नाही. पूर्ण संस्कृत १०० मार्कांचं, संयुक्त घेतलं तर ५०-५०. संस्कृतला मार्क पडतात म्हणून गर्दी तिकडं. पोराला सुभाषितं म्हणायला आवडत असतील तर डोळे झाकून घ्या. पण ज्या संस्कृतपायी आठवीत घरात आठवडाभर वाद झाले, ते अकरावीत पहिल्या दिवशी सुटतं. दुसऱ्या भाषेच्या रकान्यात संस्कृतही नाही, मराठीही नाही, आयटी, म्हणजे भाषेऐवजी चालणारा कॉम्प्युटरचा विषय. ८० मार्कांची ऑनलाइन परीक्षा, २० चं प्रॅक्टिकल, मार्क बरे. मराठीचे सर रिकाम्या बाकांकडं बघत बसतात, ते वेगळं दुःख.

माझी तक्रार अशी की या प्रश्नाला लोक आठवडा देतात आणि खऱ्या प्रश्नाला दोन मिनिटं. टेबलासमोर उभं राहून, मागची रांग ढकलत असताना ठरवतात: मॅथ्स ठेवायचं का बायो, का दोन्ही. २०२५ पासून प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. घरी बसून दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात, पण विषय अजून आमच्यासमोर येऊनच ठरतात. तेही बऱ्याचदा मित्राचा फॉर्म बघून.

मागच्या एका जुलैमधली गोष्ट सांगते. बाप-लेक आले, कोरेगावकडचे. टक्के ९०.२०. वडिलांनी मार्कलिस्ट दोन्ही हातांनी पुढं केली, पेढ्याचा बॉक्स द्यावा तशी. मी सवयीनं टक्के सोडून आकडे बघितले. मराठी ८८, संस्कृत ९७, इंग्रजी ८५, सायन्स ८९, सोशल ९२. आणि गणित ५८. दहावीचे टक्के सहापैकी चांगल्या पाच विषयांचे निघतात. म्हणजे त्या ९०.२० मध्ये गणित नव्हतंच. सगळे धरले असते तर ८५ च्याही आत आले असते. हे लबाडी म्हणून सांगत नाही, नियमच तसा आहे. पण घरात गेले पंधरा दिवस नव्वद टक्क्यांचे फोन चाललेले असतात आणि त्या ५८ बद्दल कुणी शब्द काढलेला नसतो. फॉर्मवर पीसीएमबी लिहिलेलं होतं, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो. "दोन्ही घिऊन ठेवू, पुढचं पुढं बघू," वडील म्हणाले.

पुढचं पुढं बघता येत नाही हो. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला प्रत्येकी ३० मार्कांचं प्रॅक्टिकल, त्यात मॅथ्स, वर सकाळ-संध्याकाळ क्लास. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेला, एमएचटी-सीईटीला, अकरावीचा भाग २० टक्के असतो, पण मॅथ्सचा एकेक प्रश्न दोन मार्कांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एकेका मार्काचा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याचे २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सवर. मेडिकलसाठी 'नीट' परीक्षा देणाऱ्याला मॅथ्सचा पेपरच नाही. मग दिवाळीनंतर मधल्यामध्ये लोंबकळलेली पोरं माझ्याकडं विषय बदलाचा अर्ज घेऊन येतात, आणि तोवर बदलासाठी फार उशीर झालेला असतो.

आणि मॅथ्स सोडायचं असेल तर काय काय सोडतोय ते कागदावर लिहून सोडावं. इंजिनिअरिंग तर गेलंच, आर्किटेक्चरही जातं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चित्रकला चांगली म्हणून पोरगी तिकडं जायचं म्हणते आणि बारावीत बायो घेऊन बसलेली असते. फार्मसीला मॅथ्स किंवा बायो दोन्हीपैकी एक चालतं, बी. एस्सी. ॲग्रीलाही. आपल्याकडं घराघरात फौजी, सैनिक स्कूल १९६१ पासून इथं, त्यामुळं एनडीए, म्हणजे बारावीनंतर फौजेत अधिकारी व्हायची वाट, विचारणारे खूप. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, खरं आहे. पण लेखी परीक्षेच्या ९०० मार्कांत गणिताचे ३०० सगळ्यांनाच. नेव्ही, एअर फोर्सला तर बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतंच.

मी स्वतः दहावीनंतर गणिताला हात जोडले आणि आर्ट्स घेतलं. त्याचा पश्चात्ताप नाही. पण सव्वीसाव्या वर्षी बँकेच्या परीक्षेसाठी भाच्याचं आठवीचं पुस्तक उघडून चक्रवाढ व्याज शिकले, आणि भाचा शेजारी बसून हसत होता. बँक मिळाली नाही. हे टेबल मिळालं.

आठवी-नववीत करण्यासारखं एकच काम मला दिसतं, आणि त्याला विषय निवडावा लागत नाही. सेमी-इंग्रजी नसलेल्या, मराठी माध्यमातल्या पोरांना सायन्सचा पहिला महिना जड जातो तो अवघडपणामुळं नाही, शब्दांमुळं. पाटण भागातून आलेली एक मुलगी आठवते. फी भरताना तिच्या पिशवीतून दोनशे पानी वही खाली पडली, ती मी उचलली. मधोमध पट्टीनं रेघ. डावीकडं त्वरण, अपवर्तन, संयुजा, क्षपण, अंकगणिती श्रेढी. उजवीकडं ॲक्सलरेशन, रिफ्रॅक्शन, व्हॅलन्सी, रिडक्शन, अरिथमेटिक प्रोग्रेशन. नववीपासून लिहीत होती. पुस्तकात कंसात दिलेलेच शब्द, पण कंसातलं वाचतंय कोण? "कुणी सांगितलं गं?" म्हटलं, तर म्हणाली, "दादा अकरावीत नापास झाला हुता, त्यानं."

तर ते कोरेगावचे. मी मुलाला विचारलं, "गणितात बीजगणित नडलं का भूमिती?" मार्कलिस्टवर गणिताचा एकच आकडा येतो, भाग एक आणि भाग दोन वेगळे दिसत नाहीत. तसंच सायन्सचं. त्या ८९ मध्ये पहिल्या भागातल्या फिजिक्स-केमिस्ट्रीचे किती आणि दुसऱ्या भागातल्या बायोचे किती, हे फक्त पोराला माहीत.

"भूमिती. प्रमेयं ध्यानात ऱ्हात न्हाईत. बीजगणित येतंय मला."

"आन् सायन्स?"

"पहिला भाग आवडतो. दुसऱ्यात नुसतं पाठ करायला लागतंय."

वडील त्याच्याकडं बघायला लागले. "ह्ये मला कधी बोलला न्हाईस."

"तुमी इच्चारलंच कुठं?"

मागून कुणीतरी "आवरा की वो" म्हणून ओरडलं. वडिलांनी फॉर्म माझ्या पेपरवेटखाली सरकवला, "जरा च्या पिऊन येतो" म्हणाले, आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून रांगेच्या बाहेर पडले. पाऊण तासानं परत आले तेव्हा बाहेर झिमझिम सुरू झाली होती. पोरानं माझाच पेन घेतला आणि पीसीएमबीमधल्या बीवर काट मारली.