चिंचोक्यांचा भाव

पेरू चौदा आणि मुलं अठ्ठावीस. एवढ्या भांडवलावर मी सोमवारी तिसरीच्या वर्गात शिरले.

निमित्त एका प्रश्नाचं. वर्गातल्या एकाचे पप्पा रोज निमाणीवरून बस धरून नाशिकरोडला जातात, प्रेसमध्ये. आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटांचा छापखाना, हे पंचवटीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तर शेजारच्याने त्याला विचारलं, "तुझे पप्पा नोटा छापतात ना, मग सगळ्यांना थोड्या जास्त का नाही छापून देत?" तो बिचारा म्हणाला, "गेटवर झडती घेतात."

उत्तर माझ्याकडे होतं, पण आठ वर्षांच्या पोरांपुढे ठेवण्यासारखं नव्हतं. १९२८ पासून तो छापखाना इथे आहे, पण नोटा किती छापायच्या हे तिथे ठरत नाही, रिझर्व्ह बँक सरकारशी बोलून ठरवते, असं सांगितलं असतं तर त्यांनी माना डोलावल्या असत्या आणि मधल्या सुट्टीत सगळं विसरले असते.

म्हणून चिंचोके. प्रत्येकाला पाच, आणि पेरूंचा लिलाव. लिलाव म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना शिकवावं लागत नाही. कोणाचा मामा, कोणाचे आजोबा कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावला नाहीतर पिंपळगावला रांगेत उभे राहिलेले असतात. एकाने तर माझी फूटपट्टी घेऊन "बोला दोन, दोन, अडीच" सुरूच केलं. (अर्धा चिंचोका कुठून आणायचा, हे कोणी विचारलं नाही.) पहिला पेरू तीनला गेला, मग चार, मग पाच. पाचाच्या पुढे जायची कोणाची ऐपतच नव्हती. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या दोघी कुजबुजल्या आणि एकदम "सहा!" म्हणाल्या. दोघींचे चिंचोके एकत्र, पेरू अर्धा अर्धा. मी हे ठरवलं नव्हतं. भागीदारी त्यांची त्यांनीच काढली.

मंगळवारी कालचे चिंचोके जमा करून घेतले आणि प्रत्येकाला दहा दिले. वर्गात जल्लोष. आज दोन-दोन पेरू खाणार म्हणे! पेरू मी चौदाच आणले होते. पहिल्यालाच सहाची बोली लागली आणि शेवटचे दहाच्या वर गेले. तास संपला तेव्हा सगळी माझ्याकडे फसवल्यासारखी बघत होती. मग प्रेसवाल्याचा मुलगाच बोलला, "बाई, तुम्ही चिंचोके डबल दिले, पण पेरू तेवढेच आणले." फळ्यावर लिहायला माझ्याकडे काही उरलंच नाही.

खरी गंमत बुधवारी. एक पठ्ठ्या खिसा फुगवून आला. घरी आजी चिंच फोडत होती, त्याने सगळे चिंचोके उचलले होते. "हे खोटे आहेत!" वर्ग ओरडला. "खोटे कसे? चिंचोकाच आहे की." त्याचं बरोबर होतं, मीच अडकले. मग प्रत्येक चिंचोक्यावर पांढऱ्या रंगाने माझी सही केली (एवढ्याशा जागेत सही करून बघा). दुपारपर्यंत सहीची नक्कल करणारे दोघे निघाले. त्यातल्या एकाची माझ्यापेक्षा बरी होती.

तेव्हा कुठे मी दहाची खरी नोट बाहेर काढली. उजेडात धरल्यावर दिसणारे गांधीजी, मधला धागा, गव्हर्नरची सही. मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या ओळी आहेत, त्यात मराठी कोणाला आधी सापडते याची शर्यत लागली. एरवी मी हे 'नोटेची माहिती' म्हणून शिकवलं असतं तर अर्ध्यांनी जांभया दिल्या असत्या. आता त्यांना खोट्या चिंचोक्यांचा राग होता.

खऱ्या पैशांचा खेळ मात्र मी एकदाच खेळले, नोकरीच्या पहिल्या वर्षी. आनंद मेळावा होता. घरून पन्नास रुपयांपर्यंत आणा, असं सांगितलं होतं. भेळ, भजी, सरबताचे स्टॉल लागले, मी हिशोबाच्या वह्या तपासत मिरवत होते. एक मुलगा दोन तास नळापाशी उभा होता. विचारलं तर "भूक नाही बाई." पैसे त्याने आणलेच नव्हते. कोणाच्या खिशात किती आहे, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं आणि ते मीच दाखवलं होतं. चिंचोक्याचं मोठेपण हेच, तो सगळ्यांना सारखा वाटता येतो.

म्हणून पुढच्या बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बाजारात गेलो तेव्हा पैसे माझे. चौघांत पन्नास, त्यात भेळेचं सामान आणायचं. एका गटाने फरसाणावरच चाळीस उडवले आणि मग कांदा परवडेना. कांद्याच्या जिल्ह्यात!

एका गटात जी मुलगी होती, तिची आई तिथेच भाजी विकते. बाकीचे पहिल्या दुकानावर तुटून पडले, हिने आपल्या गटाला धरून ठेवलं. आधी पूर्ण चक्कर मारली, सगळीकडे भाव विचारले. आईपाशीही थांबली. "टोमॅटो कसे?" आईने हसू दाबत सांगितलं, "पंधराला वाटा." पोरगी पुढे गेली आणि चार दुकानं सोडून दहाला वाटा घेतला, वर कोथिंबिरीच्या दोन काड्या मागून घेतल्या.

परतताना मी म्हटलं, अगं, आईकडून नाही घेतलेस?

"आईकडे महाग आहे, बाई."

भेळ चांगली झाली होती. तिखट जरा जास्त.